खणण्याआधी वरची माती बाजूला ठेवा

दिवाळी सरली, रब्बीच्या पेरण्या उरकल्या की कृष्णा-कोयनेच्या काठाला वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो. कराडपासून वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत नदीकाठच्या रानांत जेसीबी उतरतात आणि पोयट्याच्या ट्रॉल्या भरून निघतात. मेअखेरपर्यंत हे चालते. पहिल्या पावसात खड्ड्यांत पाणी भरते आणि पुढच्या हंगामापर्यंत विषय मिटतो. महसूल खात्याच्या लेखी ही माती म्हणजे गौण खनिज. तिचा हिशेब ब्रासमध्ये होतो आणि रॉयल्टी भरली की व्यवहार पूर्ण होतो. रॉयल्टी बुडवली तर बातमी होते. माती गेली याची बातमी होत नाही.

आरोग्याच्या सदरात मातीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. मी शासकीय रुग्णालयातला डॉक्टर आहे, शेतीतज्ज्ञ नाही. पण शरीरावरची कातडी आणि जमिनीवरची सुपीक माती यांत एक साम्य आहे आणि ते डॉक्टरला चटकन दिसते. भाजलेल्या रुग्णाची कातडी वरवर गेली असेल, तर ती पुन्हा येते. केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींमध्ये उरलेल्या पेशी वाढतात आणि जखम आतूनच भरून निघते. पण कातडीची पूर्ण जाडी जळाली, तर आत वाढायला काहीच उरत नाही. मग फक्त कडेकडेने थोडी भर होते, जखम महिनोन् महिने उघडी राहते आणि शेवटी दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते.

जमिनीचेही असेच आहे. वरच्या फूटभर थरात मुळे असतात, गांडुळे असतात, बुरशीचे धागे असतात. चमचाभर चांगल्या मातीत काही कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू सापडतात. पालापाचोळा कुजवणे, हवेतला नत्र पिकाला मिळेल अशा रूपात आणणे, स्फुरद मोकळा करणे, मातीचे कण एकत्र बांधून त्यांत पाणी आणि हवेला जागा ठेवणे, ही सगळी कामे हा थर करतो. खाली जसजसे जावे, तसतसा सेंद्रिय अंश कमी होतो, चुनखडी वाढते, माती घट्ट होते. थोडी माती वाहून गेली तर राहिलेली माती सावरते. अख्खा थरच उचलला तर सावरायला कोणी उरत नाही. इंचभर सुपीक माती निसर्गतः तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

हिशेब कागदावर मांडून पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यातून फूटभर माती काढली की साधारण ४३५ ब्रास होते. तिचे वजन १,६०० टनांच्या आसपास भरते आणि तिच्यातून पाच लाखांच्या घरात विटा पडतात. या मातीत सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के धरला, तर साडेनऊ टन कर्ब त्या ट्रॉल्यांतून भट्टीत गेला. त्याच्याबरोबर सुमारे ८०० किलो नत्र गेला. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो नत्र असतो. म्हणजे हा ऐवज ३८-३९ पोत्यांचा. तेवढी पोती टाकून भरपाई होईल, असेही नाही. मातीतला नत्र कर्बाला बांधलेला असतो आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा सुटतो. त्याला धरून ठेवणारा कर्बच गेल्यावर वरून टाकलेला युरिया काही हवेत जातो, काही पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरतो. ब्रासच्या हिशेबात यातले काहीच दिसत नाही.

खणलेल्या जमिनीवर माती परत आणायची कशी, याचा सर्वांत मोठा अनुभव जगात कोळशाच्या उघड्या खाणींनी घेतला आहे. सातारा-सांगलीत कोळसा नाही. आपला सगळा मुलूख लाव्हारसाच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. महाराष्ट्रातला कोळसा विदर्भात, चंद्रपूर, वणी, उमरेडच्या पट्ट्यात आहे. तिथे उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरचे सगळे काढून टाकावे लागते आणि त्याचे डोंगराएवढे ढिगारे उभे राहतात. ते ढिगारे पाहिलेल्या माणसाला आपल्या नदीकाठचे खड्डे किरकोळ वाटतील. पण त्या धंद्याला ठेच खाऊन जे शिकावे लागले, ते आपल्याला फुकट शिकता येण्यासारखे आहे.

अमेरिकेत ३ ऑगस्ट १९७७ रोजी उघड्या कोळसा खाणींसाठी स्वतंत्र कायदा झाला. वरची माती आधी वेगळी काढायची, बाकीच्या मुरूम-दगडात मिसळू द्यायची नाही, ती लगेच परत पसरता येत नसेल तर तिच्यावर चटकन वाढणारे गवत लावून ती राखायची, असे त्यात बंधन आहे. उत्तम शेतजमिनीसाठी तर आणखी कडक अट आहे. खाणमालकाने ठेवलेली अनामत त्या जमिनीचे उत्पादन शेजारच्या, त्याच जातीच्या न खणलेल्या जमिनीइतके येईपर्यंत पूर्ण मोकळी होत नाही. जर्मनीत कोलोनच्या पश्चिमेला लिग्नाइटच्या प्रचंड खाणी आहेत. तिथे सुपीक लोएस मातीचा जाड थर पुन्हा पसरला, की सुरुवातीची काही वर्षे लसूणघास घेतात. त्याची मुळे खोल जातात आणि हवेतला नत्र जमिनीत आणतात. जमीन अशी काही वर्षे कसल्यावरच ती शेतकऱ्याच्या ताब्यात जाते. एवढे करूनही यंत्रांच्या वजनाने दबलेली माती पूर्ववत व्हायला पुष्कळ काळ जातो.

आपल्याकडेही कागदावर हे तत्त्व मान्य आहे. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणी बंद करण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये या दराने पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची तरतूद केली. जमीन सावरण्याचे काम होईल तसा त्यातला पैसा खाणीला परत मिळतो. अंमलबजावणी कशी होते, हा वेगळा वादाचा विषय आहे. ढिगाऱ्यावर वेडी बाभूळ माजली की तो लांबून हिरवा दिसतो; पण हिरवा दिसणारा ढिगारा म्हणजे शेत नाही. किती रोपे लावली, हा आकडा जमीन बरी झाल्याचा पुरावा धरता येत नाही, जसे किती सलाइन लावली यावरून रुग्ण बरा झाला असे म्हणता येत नाही. तरीही तत्त्व मान्य असणे ही छोटी गोष्ट नव्हे: खणणाऱ्याने जमीन परत करायची आणि ती करीपर्यंत पैसे अडकवून ठेवायचे.

या अनुभवातून निघालेला आणखी एक धडा डॉक्टरांना लगेच पटेल. कातडीचा तुकडा काढून ठेवला, तर शीतपेटीतसुद्धा तो दोन-तीन आठवडेच टिकतो. वरच्या मातीचा ढीगही असाच नाशवंत असतो. उंच ढीग लावला की आत हवा जात नाही. मुळांशी राहून पिकाला अन्न-पाणी पोचवणाऱ्या मायकोरायझा बुरशीला जिवंत मूळ लागते. ते नसले की ती हळूहळू संपते. गांडुळे मरतात, गवताचे बी कुजते. ढीग तोच दिसतो, पण आतली माती मरत असते. म्हणून ढीग बुटका हवा, त्यावर काहीतरी उगवत ठेवायला हवे आणि शक्य तितक्या लवकर तो परत पसरायला हवा.

माती जिथे उरलेलीच नाही, तिथे काय करायचे याचा प्रयोगही महाराष्ट्रात झाला आहे आणि तो आपल्या साखरपट्ट्याने ध्यानात घ्यावा असा आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यावर झाडे वाढवली. त्यासाठी साखर कारखान्यातला प्रेसमड मिसळला आणि रोपांच्या मुळांना नत्र स्थिर करणारे जिवाणू व मायकोरायझा लावले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पद्मापूरच्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरही याच पद्धतीने काम झाले. प्रेसमड तर सातारा-सांगलीत कारखान्याकारखान्यावर आहे. आपल्याकडचे जुने खड्डे बरे करायचे ठरवले, तर औषध घरातच आहे.

आता आरोग्याकडे येतो. जिल्ह्यातल्या शेतातून माती गेली म्हणून अमुक आजार वाढला, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. आपले अन्न दहा ठिकाणांहून येते आणि आजारामागे अनेक कारणे असतात. पण काही गोष्टी निश्चित माहीत आहेत. वरचा थर काढलेल्या जमिनीत पिकाला जस्त कमी मिळते, हे कृषिशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. जस्त माणसालाही लागते. जुलाब झालेल्या बाळाला आपण क्षारसंजीवनीबरोबर १४ दिवस जस्ताची गोळी देतो, कारण मुलांच्या अंगात त्याची कमतरता सर्रास असते. एका बाजूने गोळ्या वाटायच्या आणि दुसऱ्या बाजूने जस्त देणारा थर विटांत भाजायचा, यात शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. आजही क्षयाच्या उपचाराचा कणा असलेले रिफॅम्पिसिन ज्या मूळ द्रव्यापासून बनते, तेही मातीतल्या जिवाणूचेच. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. ते ज्या जिवाणूपासून मिळाले, त्याचे नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे आहे. पिंपरीची माती अशी शास्त्राच्या पुस्तकात गेली. औषधांना न जुमानणारे जंतू रुग्णालयांत वाढत असताना नवी औषधे ज्या खजिन्यातून मिळण्याची शक्यता आहे, तो आपण न मोजताच भाजतो आहोत.

तिसरी गोष्ट खड्ड्यांची. डेंगीचा डास घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो, त्याचे खापर या खड्ड्यांवर फोडता येणार नाही. पण हिवतापाचा ॲनाफिलीस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आज आपल्याकडे हिवताप कमी आहे. भट्ट्यांवर मात्र दूरवरच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येतात आणि आजारही माणसांबरोबर प्रवास करतो. त्याहून थेट धोका पोरांचा. पाण्याने भरलेला, उभ्या कडेचा, खोलीचा अंदाज न येणारा खड्डा पोहता न येणाऱ्या मुलाला बाहेर येऊ देत नाही. आणि २००५, २०१९, २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला काठच उकरून ठेवला तर पुराचे पाणी कुठून शिरेल, हे सांगायची गरज नाही.

शेतकरी माती विकतो कशाला, याचा विचार त्याला दोष न देता करायला हवा. मुलीचे लग्न, दवाखान्याचे बिल, सोसायटीचे थकलेले कर्ज, अशा अडचणीत रोख पैसे देणारा माणूस बांधावर उभा असतो. कधी रान उंचावर असते, पाटाचे पाणी चढत नाही, म्हणून ते खाली घ्यायचे असते. हे कारण खरे आहे आणि त्यावर उपायही सोपा आहे. वरचा थर आधी एका कडेला ओढा, खालची माती हवी तेवढी न्या आणि वरचा थर पुन्हा पसरा. रान खालीही येईल आणि सुपीकही राहील.

क्षारपड जमिनीचे कारण मात्र फसवे आहे. वरची खारी माती गेली की जमीन सुधारेल, अशी समजूत काही ठिकाणी आहे. क्षार वर येतात ते खालच्या पाण्यामुळे. पाणी जमिनीतून वर चढते, सूर्य ते उडवतो आणि क्षार मागे राहतात. दोन फूट माती काढली की जमीन त्या पाण्याच्या दोन फूट जवळ गेली. दोन वर्षांत तिथेच पुन्हा पांढरे फुटते आणि आता पाणीही साचते. चिबड जमिनीचा इलाज निचरा हा आहे. सच्छिद्र नळ्या टाकून पाणी बाहेर काढण्याचे तंत्र सांगली जिल्ह्याला नवे नाही आणि त्याची माहिती द्यायला कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे.

भट्टीवाल्यांचा आणि कुंभार समाजाचा प्रश्नही पोटाचा आहे. घरे बांधायची तर विटा लागणारच. पण विटेला सुपीक मातीच लागते, असे नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर १९९९ मध्ये औष्णिक वीज केंद्रांच्या राखेविषयी अधिसूचना काढली, तेव्हा विटांसाठी होणारी वरच्या मातीची खोदाई रोखणे हाच तिचा एक उद्देश होता. केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटांत किमान २५ टक्के राख मिसळण्याचे बंधन त्यात होते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत, किंमत जास्त पडत नसेल तर, राखेच्या वस्तू वापरायला सांगितल्या. सोलापूरचे आणि विजयपूर जिल्ह्यातल्या कुडगीचे एनटीपीसीचे केंद्र, रत्नागिरीतले जयगडचे केंद्र, ही सगळी आपल्यापासून या अंतरात येतात. म्हणजे ज्या कोळशाने विदर्भाची माती उलटीपालटी केली, त्याच्या राखेतून निदान कृष्णाकाठची माती वाचू शकते. राख उघड्यावर उडू देणे फुप्फुसांना वाईटच. तिची वाहतूक झाकून, ओली करूनच व्हायला हवी आणि कामगाराच्या नाकावर मास्क हवा.

या दोन जिल्ह्यांची एक गंमत आहे. पश्चिमेला नदीकाठी आपण पोयटा विकतो. आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये तलावातला गाळ उपसून मुरमाड रानांत पसरतो. त्यासाठी राज्य सरकारची २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. मुरमावर दोन बोटे माती चढली की काय होते, हे माणदेशातल्या शेतकऱ्याला विचारावे. ज्याच्याकडे ती नाही, त्याला तिची किंमत कळली आहे.

जिल्हा प्रशासनाला हे अवघड नाही. माती उचलण्याचा परवाना देताना चार अटी घालाव्यात. पहिली, वरचा फूटभर थर आधी वेगळा काढून त्याच शेतात बुटक्या ढिगात ठेवायचा आणि त्याच वर्षी, पावसाळ्याआधी परत पसरायचा. दुसरी, खोदाईची खोली आणि नदीकाठापासूनचे अंतर जागेवर खुंटी ठोकून दाखवायचे. तिसरी, रॉयल्टीखेरीज ब्रासमागे अनामत घ्यायची. ती माती तपासून, दोन हंगामांत शेजारच्या रानाच्या तोडीचे पीक दिसल्यावर परत द्यायची. पारंपरिक कुंभारांना अनामतीत सूट द्यावी, पण थर परत पसरण्यात नको. चौथी, खोदाईआधीचा आणि नंतरचा माती परीक्षण अहवाल तलाठ्याकडे सातबाऱ्यासोबत जोडायचा. ज्याने जमीन विकत किंवा वाट्याने घेतली, त्याला तिच्यावर काय झाले आहे हे कळले पाहिजे. रुग्णाचे केसपेपर जसे त्याच्याबरोबर जातात, तसे.

आणि सुरुवात सरकारनेच आपल्या घरापासून करावी. दोन्ही जिल्ह्यांत पुढे जी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे बांधली जातील, त्यांच्या निविदेत राखेच्या विटांची अट एका ओळीत घालता येते. गरोदर बाईला लोहाच्या आणि बाळाला जस्ताच्या गोळ्या जिथे दिल्या जाणार, त्या भिंतींसाठी तरी कोणाच्या शेताचा वरचा थर जाऊ नये. यंदाच्या हंगामाचे परवाने निघण्याआधी हे ठरले, तर येत्या पावसाळ्यात निदान काही रानांत पाण्याऐवजी पीक उभे दिसेल.